गोरक्षनाथाचे सेहेचाळीस हप्ते

गोरक्षनाथ कंडक्टर आणि मी, बिभीषण ड्रायव्हर, श्रीरामपूर डेपोत नऊ वर्षं बहुतेक एकाच गाडीवर होतो. श्रीरामपूरहून नेवासा, नेवाशाहून शेवगाव आणि परत. ड्रायव्हरला कंडक्टरचं तोंड दिवसभर दिसत नाही, नुसती घंटी ऐकू येते. पण गोरखची घंटी कशी वाजली यावरून घरी काय चाललंय ते मला समजायचं. पगार जमा झाल्याच्या दिवशी ती जरा तुटक वाजायची.

माणूस उंच, सडपातळ. खाकी कपड्याला कडक इस्त्री. गाडीत कोणी शिक्षक चढला की त्याचा आवाज बदलायचा. "गुरुजी, हिकडं या, हिकडं बसा," म्हणून तो एखाद्या पोराला उठवायचा. नेवाशाच्या गाडीला रोज चार-पाच शिक्षक असायचे. त्यांची पिशवी वर ठेवायची, उतरताना खाली द्यायची. मी एकदा चिडवलं तर म्हणाला, "मला दहावीत दोन विषय गेले. बाप म्हनला, बास झालं. न्हाईतर मीबी ह्यांच्यातच बसलो असतो."

त्याचा एकुलता एक मुलगा अमृत एम.ए., बी.एड. झाला, तेव्हा सगळ्या डेपोत त्यानं पेढे वाटले होते. पुढं दोन वर्षं पोरगं घरीच. शिक्षक भरती बंद. मग गावापासून अकरा किलोमीटरवरच्या एका खाजगी शाळेत जागा असल्याचं कळलं. संस्थेचे सचिव हनुमंतराव म्हणाले, जुन्या तारखेचा नेमणुकीचा आदेश काढू, वर्षभरात शिक्षण खात्याची मान्यता आणू, मग पूर्ण पगार. संस्थेच्या इमारतीसाठी दहा लाख द्यावे लागतील.

गोरखनं चार लाख असे उभे केले: लंकाबाईचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, गळ्यातला सोन्याचा हार आणि पाटल्या, दोन गाई, आणि आपल्या वाट्याची वीस गुंठे जमीन भावाला, हे सगळं विकून. राहिलेले सहा लाख त्यानं नोकरदारांच्या पतसंस्थेतून काढले. चौऱ्याऐंशी हप्ते, महिन्याला दहा हजार सहाशे, पगारातून परस्पर कपात. दोन जामीनदार लागत होते. एक आमच्याच डेपोतला मेकॅनिक झाला आणि दुसरा मी. सही करताना मी फारसा विचार केला नाही. तेव्हा त्याला महिन्याला तीस हजार हातात पडायचे. अमृत कमवायला लागला की दोन वर्षांत फिटेल, असं तोच सांगत होता आणि मलाही ते पटलं होतं.

जून २०१८ मध्ये पैसे दिले. हनुमंतरावांच्या बंगल्यावर, साडीच्या दुकानातल्या कापडी पिशवीतून. पावती मिळाली नाही. आदेश मिळाला. अमृत आठवी ते दहावीला मराठी शिकवू लागला. मान्यता येईपर्यंत मानधन चार हजार. पुढच्या वर्षी त्याचं लग्न झालं. धनश्रीच्या वडिलांनी मुलगा शिक्षक आहे म्हणूनच होकार दिला होता.

वर्ष गेलं, मान्यता आली नाही. दुसरं गेलं. हनुमंतराव दर वेळी एकच सांगायचे, फाईल वर गेलीय. करोनात सहा महिने हप्ते पुढं ढकलायची सवलत मिळाली, ती गोरखनं घेतली, आणि त्या सहा महिन्यांचं व्याज मुद्दलात मिसळलं. मग आमचा संप आला. नोव्हेंबर २०२१ ते एप्रिल २०२२, पगार नाही. मी सासऱ्याच्या रानात कांदे लावायला गेलो. गोरख मार्केट यार्डात कांद्याच्या गोण्या उचलायचा. पन्नाशी उलटलेला माणूस. एक दिवस त्याचा उजवा गुडघा असा सुजला की पँट वर चढेना. तिथून त्या गुडघ्यानं पाठ सोडली नाही.

संप मिटल्यावर तो पतसंस्थेत गेला. मला सोबत नेलं, कारण जामीनदाराचीही सही लागणार होती. तिथल्या क्लार्कनं सांगितलं, थकलेले हप्ते आणि दंड धरून कर्ज आता डिसेंबर २०२६ पर्यंत जाईल. आधी ते जून २०२५ ला संपायचं होतं.

"मी रिटायर व्हतोय मे दोन हजार सव्वीसला," गोरख म्हणाला.

"मग राहिलेलं ग्रॅच्युइटीतून कापू," क्लार्क म्हणाला.

बाहेर आल्यावर गोरख पायरीवरच बसला. मी म्हणालो, चहा घेऊ. त्यानं नको म्हणून मान हलवली.

एवढं असलं तरी घरात त्यानं एक कायदा करून ठेवला होता. शाळा सोडायची नाही. अमृतनं दोनदा विषय काढला. एकदा सुप्याच्या कारखान्यात सुपरवायझरची जागा होती, एकदा शिर्डीत काहीतरी. गोरख म्हणाला, "तू शाळा सोडली की दहा लाख पान्यात. हप्ता चालू हाय तवर पाय काढायचा न्हाई." लंकाबाईनंही तेच सांगितलं. अमृत शाळेत जात राहिला.

त्या वर्षीच्या दिवाळीत तो पेढ्यांचा पुडा घेऊन घरी आला. शाळेला वीस टक्के अनुदान मंजूर झालं, म्हणाला, आता नऊ हजार मिळणार. लंकाबाईनं गल्लीत पेढे वाटले. गोरखनं डेपोत मला मिठी मारली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. त्या महिन्यापासून अमृत दर एक तारखेला आईच्या हातात सात हजार ठेवू लागला. हप्त्याला तेवढाच हातभार लागला, आणि गोरखच्या घंटीतला तुटकपणाही थोडा कमी झाला.

पुढच्या फेब्रुवारीतला गुरुवार. शिर्डीला गर्दी होती म्हणून आम्हाला आमच्या मार्गावरून काढून शिर्डीच्या जादा गाडीवर टाकलं. ऐन सकाळी ठरलं. गाडी खचाखच भरलेली. साडेदहाला शिर्डीच्या स्टँडवर लावली. गोरख आधी उतरला आणि दाराजवळ उभा राहून म्हाताऱ्या माणसांना हात देऊ लागला. स्टँडवर नेहमीप्रमाणे लॉजवाली पोरं गाडीला येऊन भिडली. रूम पाहिजे का रूम, एसी, नॉन एसी, मंदिरापासून चालत पाच मिनिटं.

मी माझ्या सीटवरून बघत होतो. त्या पोरांत एकानं मरून रंगाचा शर्ट घातला होता, खिशावर हॉटेलचं नाव. तो नांदेडकडच्या एका कुटुंबाला कार्ड दाखवत होता आणि बोलता बोलता दाराजवळ आला. मग त्यानं वर पाहिलं. तो अमृत होता.

नांदेडचा माणूस विचारत होता, गरम पाणी आहे का, किती वाजेपर्यंत आहे. गोरखनं आधी त्या माणसाकडं पाहिलं, मग पोराकडं.

"गिऱ्हाईक सोडू नको," तो म्हणाला. "जा, घेऊन जा त्यांना. मी हाय हितं तासभर."

अमृतनं त्यांची मोठी बॅग उचलून खांद्यावर घेतली आणि पुढं निघाला. गोरख वर येऊन पहिल्या सीटवर बसला. मी खाली उतरायला लागलो तर म्हणाला, "थांब. तू जाऊ नको."

वीस मिनिटांनी अमृत परत आला. गाडी रिकामी होती. तो दाराच्या पायरीवर उभा राहिला, आत येईना.

"कवापासून?" गोरखनं विचारलं.

"दसऱ्यापासून."

"आन अनुदान?"

"नाही आलं, आप्पा. आलं तरी मला मिळणार नव्हतं. माझ्या जागेवर अजून एकीला आदेश दिलाय. तिच्याकडूनही घेतलेत. ऑफिसात कागद लावताना माझ्याच हाती लागला. मी हनुमंतरावांना विचारायला गेलो, तर म्हणाले, पटत नसेल तर राजीनामा लिही. मी लिहिला."

"लिवला," गोरख म्हणाला.

"चार हजारसुद्धा आठ महिने दिले नव्हते. इथं चौदा देतात. रोज येण्याजाण्याचं पेट्रोल जाऊन..." तो थांबला. "तुमचा हप्ता चालू होता. घरी कसं सांगायचं ते कळेना. म्हटलं, पैसे तरी जाऊ देत घरात."

"आमच्या ड्युटीचं कसं करत हुता? मी ह्या बाजूला आलो असतो तर?"

"तुमचा मार्ग ठरलेला आहे ना. डेपोत फोन करून विचारायचो अधूनमधून."

मला तिथं बसणं नको झालं होतं. डेपोत आमची ड्युटी विचारणारा तो फोन दोनदा मीच उचलला होता. म्हटलं, पोरगं बापाची चौकशी करतंय.

गोरख म्हणाला, "उद्यापासून शाळेत जा. मी बोलतो हनुमंतरावाशी."

"नाही जाणार."

एवढं सरळ तो बापाशी कधी बोलला नसेल. गोरखनं तिकिटाचं मशीन मांडीवर घेतलं, उगाच चालू केलं, बंद केलं. मग म्हणाला, "आईला सांगू नको. धनश्रीला म्हाईत हाय का?"

"आहे."

"बरं."

परतीच्या वाटेवर बाभळेश्वरपर्यंत त्यानं एकदाही घंटी वाजवली नाही. तोंडानंच "चला" म्हणायचा.

आठ दिवसांनी रजा टाकून तो हनुमंतरावांकडं गेला. काय झालं ते त्यानंच मला सांगितलं. हनुमंतरावांनी चहा दिला. तब्येत विचारली. पैशाचा विषय निघताच म्हणाले, "गोरख, मुलगा स्वतःच्या हातानं राजीनामा देऊन गेला. आम्ही काढला नाही. आता संस्था काय करणार?"

"दहा लाख दिल्यात मी तुमाला."

"कुणाला दिले? पावती आहे?" आणि मग आवाज न चढवता, समजावल्यासारखं, "आणि समजा तू कुठं लिहून दिलंस. नोकरीसाठी पैसे दिले, असंच लिहावं लागेल ना? तू सरकारी गाडीवरचा माणूस. विचार कर."

त्यानं चहा संपवला आणि उठला. चहा का संपवला, याचाच त्याला नंतर राग येत राहिला. मला दोन-तीनदा म्हणाला, "कप तसाच ठिवायला पायजे हुता."

सेहेचाळीस हप्ते राहिले होते. तो आकडा त्याला तोंडपाठ झाला, मग पंचेचाळीस, मग चव्वेचाळीस. मला वाटतं आधीच्या पाच वर्षांत त्यानं हप्ते कधी मोजले नव्हते, कारण समोर काहीतरी होतं. आता ज्यासाठी कर्ज काढलं ते उरलंच नव्हतं आणि कर्ज मात्र जसंच्या तसं होतं. पगार झाला की मोबाईलवर मेसेज यायचा, कपात होऊन राहिलेल्या रकमेचा. तो मला दाखवायचा.

उन्हाळ्यात गुडघा फारच दुखू लागला. डॉक्टरनं उभं राहणं बंद करायला सांगितलं. कंडक्टरला ते कसं जमायचं? शेवगावहून येताना एका फेरीला तो म्हणाला, "स्वेच्छानिवृत्ती घ्यावी म्हनतो. भावाच्या रानात जनावरं बघीन. लई झालं."

मी म्हणालो, "मग कर्जाचं?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं. त्याला समजलं आणि मलाही समजलं. त्याचा पगार थांबला की पैसे मिळेपर्यंत पतसंस्था जामीनदाराकडं येणार. माझी मुलगी त्या वर्षी नगरला नर्सिंगला होती, तिची फी डोक्यावर. तरी मला दुसरं काही बोलता आलं असतं. घे बाबा निवृत्ती, बघू आपण, असं. ते माझ्या तोंडून निघालं नाही. आजही ती गोष्ट मी कोणाला सांगत नाही, इथं लिहितोय.

"व्हय," तो म्हणाला. "तेबी हायच." आणि मागं गेला.

त्यानंतर त्यानं निवृत्तीचं नाव काढलं नाही. अर्ज देऊन सहा महिने चौकशीच्या खिडकीवर बसला. तिथं ओव्हरटाईम नाही, भत्ता नाही. चार हजारांची तूट पडली. ती भरून काढायला परत गाडीवर आला, गुडघ्याला पट्टा बांधून.

लंकाबाईला कळलं ते गणपतीच्या सुमारास. शाळेतल्या एका मुलाची आई तिला बाजारात भेटली आणि म्हणाली, अमृत सर का सोडून गेले हो, पोरं आठवण काढतात. लंकाबाई घरी आली, पिशवी खाली ठेवली आणि नवऱ्याला विचारलं. त्यानं सगळं सांगितलं. ती ओरडली नाही, रडली नाही. "मी पेढे वाटले," एवढंच म्हणाली. दोन दिवस ती त्याच्याशी आणि पोराशी बोलली नाही. धनश्रीशी तर आठवडाभर नाही, कारण तिला माहीत असून तिनं सांगितलं नव्हतं.

मग एके दिवशी सकाळी भाकरी बांधून घेतली आणि एसटीनं हनुमंतरावांच्या गावाला गेली. त्यांच्या बंगल्याच्या ओट्यावर जाऊन बसली. घरातल्या बाई आतून आल्या, काय पाहिजे विचारलं. ही म्हणाली, "माझा हार आन पाटल्या. हनुमंतरावदादांना सांगा." दुपारपर्यंत बसली, भाकरी खाल्ली, संध्याकाळच्या गाडीनं परत आली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली.

गोरखला हे आवडलं नाही. "इज्जत घालवती माझी," मला म्हणाला. घरी जाऊन त्यानं तिला तसं सांगितलंही. ती म्हणाली, "तुमी कागदाला भेता. मला कुनी नोकरीवरनं काढनार हाय? मी कुटं काय लिहून देतीय? मी नुसती बसतीय."

अकरा दिवस ती बसली. येणाऱ्या-जाणाऱ्यानं विचारलं तर कोणाचं नाव न घेता सांगायची, माझा हार मागायला आलेय. त्या महिन्यात हनुमंतराव गावच्या सोसायटीच्या निवडणुकीत होते आणि ओट्यावर सारखी माणसं येत होती. बाराव्या दिवशी त्यांनी माणसाकरवी पंचवीस हजार पाठवले. ती घेऊन आली आणि चार दिवसांनी परत जाऊन बसली. मग पंधरा. निवडणूक झाली, ते निवडून आले, त्यानंतर बंगल्याच्या फाटकाला कुलूप दिसू लागलं. ती रस्त्यावर दोन दिवस बसली, मग तिला ताप आला आणि तिथंच ते थांबलं.

चाळीस हजार. तिला त्यातून निदान एक पाटली करायची होती. गोरखनं आणि अमृतनं मिळून तिला समजावलं की कर्जात भरले तर शेवटचे चार-पाच हप्ते कमी होतील. पतसंस्थेत ती स्वतः गेली. क्लार्कनं पैसे मोजून घेतले आणि सांगितलं, आता डिसेंबरऐवजी जुलै. तिनं विचारलं, "सव्वीसचा का?" तो हो म्हणाला. ती बाहेर येऊन मला म्हणाली, "माझ्या हाराचं पाच महिने झाले बघा, भाऊजी."

अमृत आता त्या हॉटेलात काउंटरवर बसतो. अठरा हजार मिळतात. महिन्याच्या तीन तारखेला तो वडिलांच्या खात्यावर पाच हजार टाकतो. पहिल्यांदा टाकले तेव्हा गोरखनं ते परत पाठवले. अमृतनं पुन्हा टाकले. तिसऱ्या महिन्यात गोरखनं ठेवून घेतले. डोक्यावर एवढं असताना जास्त वेळा परत पाठवणं त्याला झेपणारं नव्हतं.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात शिक्षकांच्या परीक्षेची जाहिरात पेपरात आली. आता सगळी भरती परीक्षेतूनच होते, मधे कोणाला काही द्यायचं नाही, असं गाडीतल्या एका गुरुजींनी गोरखला सांगितलं. त्यानं पेपरचं ते पान घडी करून खिशात ठेवलं. रविवारी मी त्याच्याकडं जेवायला गेलो होतो, तेव्हा त्यानं ते अमृतपुढं ठेवलं. फीचे पैसेही काढून ठेवले होते.

अमृतनं वाचलं. "मी नाही भरणार, आप्पा."

"का? वय हाय अजून. मी चौकशी केलीय."

"मला नको."

"चार वर्षं शिकवलंस की. पोरं आठवण काढत्यात म्हनं."

"शिकवायचो, तेव्हा दर तासाला मला हप्ता आठवायचा," अमृत म्हणाला. "मास्तर व्हायचं तुम्हाला होतं."

लंकाबाई भाकरी थापता थापता थांबली. धनश्री लेकराला घेऊन बाहेर गेली. मला वाटलं, आता गोरख चिडेल. तो चिडला नाही. पेपरची घडी त्यानं परत घातली, ताटाच्या बाजूला सरकवली आणि म्हणाला, "व्हय. मलाच हुतं." मग बायकोला म्हणाला, "त्याला वाढ."

हे लिहितोय तेव्हा फेब्रुवारी आहे. तो एकतीस मेला निवृत्त होईल. त्यानंतरचे जूनचा आणि जुलैचा असे दोन हप्ते ग्रॅच्युइटीतून कापून घेतील, तसं पत्र डेपोत आलेलं आहे. मेकॅनिकची आणि माझी जामीनकी त्याच दिवशी संपेल. गोरख अजून नेवाशाच्या गाडीवरच आहे. काल नेवाशाहून निघताना दोन शिक्षक चढले. गाडी भरलेली होती. त्यांनी जागेसाठी त्याच्याकडं पाहिलं. त्यानं गळ्यातल्या बॅगेतून सुट्टे काढले, तिकीट दिलं आणि सांगितलं, "मागं सरका, मागं जागा हाय."